वडावरची वाघळं मोजतोय, हिशोब जुळंना: दिवसा ४१२, संध्याकाळी ६५५

निवृत्त_वाहक

रामराम. इथं बहुतेक मंडळी पक्षीवाली दिसतात. माझा प्रश्न वाघळांचा आहे, पण तीही उडतातच, म्हणून इथंच टाकतो.

आमचं गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. एसटी थांब्यामागं एक वड आणि त्याला लागून दोन चिंचा. तिन्ही झाडांवर मोठी वाघळं. फळं खाणारी, तांबूस मानेची, कोल्ह्यासारख्या तोंडाची. माझ्या आज्यानं बघितलेली. थांब्याचं नाव तिकिटावर वेगळं असायचं, पण पाशिंजर मागायचा ते ‘एक वाघळाचा वड’ असंच. मी ३३ वर्षं एसटीत वाहक होतो. निवृत्तीनंतर रोज तिन्हीसांजेला पारावर बसायचं आणि ती सुटताना बघायचं, एवढाच माझा आणि त्यांचा संबंध.

मागल्या दिवाळीनंतर रस्ता रुंदीकरणाची माणसं आली आणि वडाच्या खोडावर पांढरा पट्टा ओढून त्यात लाल रंगानं ११७ लिहून गेली. कोण म्हणतं तोडणार, कोण म्हणतं नुसती नोंद आहे. ग्रामसभेत मी उठून बोललो की वर हजारभर जीव राहतोय, त्याचं काय? तर मागनं एक पोरगं म्हणालं, “आप्पा, हजार कशावरनं? मोजलीत का?” सगळे हसले. ज्यानं उभा जन्म डोकी मोजण्यात घालवला त्याला हे विचारावं! रात्री जेवण गेलं नाही मला.

म्हणून जानेवारीपासून मोजतोय. दुसरा आणि चौथा शनिवार. आम्ही चौघं: मी, माझी नात (नववीत आहे), चहाच्या टपरीच्या वैनी आणि निवृत्त वायरमन भाऊ. दुपारी चारला मी खालून फांदीफांदीनं मोजतो. दहा झाली की एक चिंचोका डाव्या खिशातनं उजव्या खिशात. संध्याकाळी सुटायला लागली की चौघं चार दिशांना तोंड करून बसतो आणि शेवटी बेरीज करतो.

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी दिवसा भरली ४१२. संध्याकाळी ६५५. म्हणजे २४३ पाशिंजर विनातिकीट! नोकरीत असं वेबिल दिलं असतं तर मार्गतपासणीवाल्यांनी गाडीतनंच खाली उतरवलं असतं मला. जानेवारीतही फरक होता, पण साठ-सत्तरचा.

आता अर्जात कुठला आकडा लिहू? जाणकारांनी सांगावं. एकानं सल्ला दिला की एक सुतळी बॉम्ब लावा, सगळी एकदम उठतील, फोटो काढा आणि घरी बसून मोजा. वैनींनी त्याला त्या दिवशी चहा दिला नाही.

---

पानगळ

आप्पा, पहिल्यांदा वैनींना माझा नमस्कार सांगा. बॉम्बनं घाबरून उठलेल्या थव्यात आयांच्या पोटाची पिल्लं सुटून खाली पडतात. मार्चमध्ये तर ते पापच. या वाघळांना वर्षाला एकच पिल्लू होतं, आपल्याकडे साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला. एक पडलं की त्या मादीचं ते वर्ष गेलं.

मी प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी दोन वर्षं पुण्याच्या आसपासच्या तीन वसाहती मोजल्या आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

दिवसाचा आकडा नेहमी कमी येतो. वडाचा पानोळा दाट, वाघळं दाटीवाटीनं लटकलेली, पुढच्या रांगेनं मागची झाकलेली. चिंचेखाली मोजणं त्या मानानं बरं, पान बारीक असल्यामुळे आकाश दिसतं. त्यामुळे तिन्ही झाडांचा आकडा वेगळा लिहायला लागा. ४१२ हा एकच आकडा लिहिलात की चूक कुठे झाली ते नंतर सापडत नाही.

पण संध्याकाळी २४३ जास्त, हे नुसत्या पानांच्या नावावर ढकलता येणार नाही. चौघांच्या हद्दी ठरवल्या आहेत का? म्हणजे ‘टाकीपासून देवळाच्या कळसापर्यंत माझं, कळसापासून पुढे तुझं’ अशा? चार दिशांना तोंड करून बसलं तरी माणसाची मान वळतेच, आणि मधल्या पट्ट्यातलं वाघूळ दोघांच्याही खात्यावर पडतं. एक करून बघा. दोघांनी एकच पट्टा मोजायचा, एकमेकांशी न बोलता, आणि संपल्यावर आकडे ताडायचे. शंभरात पाच-दहाचा फरक आला तर ठीक. तीसचा आला तर पद्धतीत गडबड आहे.

सूर्यास्ताच्या पंधरा मिनिटं आधी बसा. पहिलं वाघूळ सुटल्याची वेळ, वारा, ढग, लग्नाचा डीजे, सगळं लिहा. दर वेळी तीच माणसं, तीच जागा. एका दिवसाच्या अचूक आकड्यापेक्षा चार वर्षं एकाच पद्धतीनं काढलेला ढोबळ आकडा जास्त कामाचा असतो.

आणि झाडाखाली काही पडलं असेल तर उघड्या हातानं उचलू नका. जिवंत असेल तर वन विभागाच्या १९२६ वर फोन लावा.

---

बागाईतदार_तासगाव

सगळे मोजा, आरत्या ओवाळा. आमच्या द्राक्षाच्या बागेत येऊन बघा एकदा. माल तयार व्हायच्या पंधरवड्यात रात्री कशी उतरतात, एका घडातले चार मणी फोडतात आणि अख्खा घड वाया. जाळीचा खर्च तुम्ही देणार आहात का? सरकारनंच एके काळी यांना उपद्रवी म्हटलं होतं, ते काय उगाच?

वर तो वाघळांचा निपाह विषाणू. मोजायला पोरींना घेऊन बसता, कमाल आहे.

---

पानगळ

दादा, नुकसान होतं ते खोटं नाही. पण बागेत खाली उतरून घडाला लटकणारं वाघूळ केवढं असतं? चिमणीपेक्षा जरा मोठं, मुठीत मावेल एवढं असेल तर ते आप्पांच्या वडावरचं नव्हे. ती छोट्या फळवाघळांची जात वेगळी, ती केळीच्या किंवा ताडाच्या पानाखाली दहा-वीसच्या टोळीनं राहतात. आप्पांचं वाघूळ पंख पसरलं तर चार फुटांच्या आसपास भरतं आणि वजनाला सव्वा-दीड किलोपर्यंत जातं. तेही चिकू-पेरू खातं, नाही असं नाही. पण वड, पिंपळ, उंबर, मोहाची फुलं, सावरीच्या फुलातला मध हे त्याचं नेहमीचं जेवण. जाळी लावायचीच असेल तर ताणून बांधा. ढिल्या नायलॉनच्या जाळीत वाघूळ अडकून मरतं आणि सोडवायला गेलेला माणूस चावून घेतो.

उपद्रवी म्हणाल तर, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वाघळं कावळे-उंदरांच्या पंक्तीला पाचव्या अनुसूचीत होती, हे खरं आहे. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झालं. आप्पा, अर्जात हे जरूर लिहा. गावपातळीवर बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून जुनाच कायदा आहे.

निपाहबद्दल: पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वाघळांचे नमुने घेतले, त्यात दोन जातींमध्ये निपाहविरोधी प्रतिपिंडं सापडली. त्या गुहेत राहणाऱ्या जाती, वडावरच्या नव्हेत. पण आप्पांच्याही वाघळांच्या जातीशी निपाहचा संबंध जोडला गेलेला आहे, केरळमध्ये २०१८ ला कोझिकोडला झालं ते सगळ्यांना आठवत असेल. म्हणून उष्टं फळ खायचं नाही, शीट-मूत अंगावर पडलं तर साबणानं धुवायचं, हात लावायचा नाही. तीस फुटांवरच्या पारावर बसून नातीनं मोजलं तर तिला काही होत नाही.

---

लेस्टरची_सून

आप्पा, तुमची २४३ मला ओळखीची वाटतात! माझ्या पहिल्या मोजणीत ६१ जादा आली होती.

मी मूळची इस्लामपूरची, सोळा वर्षं झाली इंग्लंडात. आमच्या घराच्या छपराखाली, कौलं आणि भिंत यांच्या फटीत, पिपिस्ट्रेल नावाची पाकोळी राहते. पाच ग्रॅमची, काड्यापेटीत मावेल अशी. इथं १९९६ पासून देशभराचा मोजणी कार्यक्रम चालतो आणि माणसं सगळी हौशी: नर्स, पोस्टमन, माझ्यासारखी हिशेबनीस. उन्हाळ्यात ठरलेल्या दिवसांत दोनदा आपापल्या घराबाहेर खुर्ची टाकून बसायचं. जूनमध्ये इथं सूर्यच साडेनऊला मावळतो, स्वेटर घालून बसते मी, सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात, “अगं, घराबाहेर का बसलीस, भांडण झालं का?”

आमच्या सूचनापत्रात एक ओळ ठळक आहे: बाहेर आलेल्यांतून परत आत गेलेली वजा करा. पाकोळी सुटते, एक घिरटी मारते, पुन्हा फटीत शिरते, पाच मिनिटांनी पुन्हा सुटते. मी तिला दर वेळी नवी समजून मोजत होते. तुमच्याकडची वाघळं झाडावर परत येतात का ते बघितलंत का? एका माणसाला फक्त परतणारी मोजायला बसवा. त्यानं सुटणाऱ्यांकडे बघायचंच नाही.

इथं कायदा फार कडक आहे. पाकोळ्या नसताना सुद्धा त्यांच्या जागेला हात लावता येत नाही. छपराची डागडुजी करायची तर आधी विचारावं लागतं. शेजारी वैतागतो. त्याचंही बरोबरच आहे म्हणा.

---

निवृत्त_वाहक

सूनबाई, तुम्ही आमच्या भागातल्या निघालात, बरं वाटलं. आणि घोळ सापडला तुमच्यामुळं!

चौथ्या शनिवारी वायरमन भाऊंना झाडाकडं तोंड करून बसवलं, फक्त परतणारी मोजायला. सात वाजून चार मिनिटांनी पहिलं सुटलं. पहिली पंधरा मिनिटं सगळी पूर्वेकडं, नदीवर. आम्ही आजवर ‘गेली’ म्हणून लिहीत होतो. भाऊ म्हणाले, “आप्पा, ही माघारी येत्यात की.” नात पळत घाटाच्या पायऱ्यांवर गेली आणि तिथनं तिनं बघितलं ते असं: वाघूळ नदीवर खाली खाली येतं, पंख न मिटता पोट पाण्याला घासून जातं, बारीकशी रेघ उमटते पाण्यावर, आणि वळून वडावर येऊन लटकतं. मग पोटाचे केस चाटत बसतं. पाणी पितंय ते! चाटून झालं की दुसऱ्यांदा सुटतं, आणि या खेपेला जातं ते पश्चिमेला, डोंगराकडं. आमच्या चौघांत पूर्व नातीकडं आणि पश्चिम माझ्याकडं. एकच पाशिंजर दोन दारांनी दोनदा चढवत होतो आम्ही. जानेवारीत फरक कमी का होता तेही कळलं, तेव्हा ऊन कुठं एवढं होतं.

त्या दिवसाचा हिशोब: सुटली ६२८, परतली १४६, राहिली ४८२. दिवसाची मोजणी झाडवार केली: वड २५१, थोरली चिंच ११८, धाकटी ६४, एकूण ४३३. आता फरक ४९. वडाच्या पानोळ्यात एवढी दडत असतील तर माझी हरकत नाही.

पण हजार नाहीत. ग्रामसभेत मी हजार बोललो होतो. त्या पोराला काल थांब्यावर सांगितलं, “हजार नाहीत, पाचशेच्या आत आहेत.” तो म्हणाला, “मग चूक कबूल?” म्हटलं, कबूल. आता शनिवारी येतो म्हणालाय, बघू.

तासगावच्या दादांना: तुमचं नुकसान मला कळतं. माझ्या भावाची द्राक्षं होती. तुम्ही बागेत उतरणाऱ्यांची मोजणी करा, म्हणजे बोलायला दोन आकडे होतील.

---

बागाईतदार_तासगाव

रात्री दोनला मोजायची का आम्ही? बरं. पण तुम्ही म्हणता ते खरं, बागेत येतात ती मुठीएवढीच आहेत. जाळीचा खर्च कोण देणार हे मात्र कुणी बोललं नाही.

---

खानापूरकर

पुढं कुणी गुहेतली किंवा किल्ल्यावरची मोजायच्या नादाला लागेल म्हणून लिहितो. वडावरची बघता येतात, अंधारातली बघता येत नाहीत. आमच्याकडे तळेवाडीच्या जंगलात बारापेडे गुहा आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्यात. तिथली रॉटनची मुक्तपुच्छ वाघळं कित्येक दशकं जगात फक्त याच एका गुहेतून माहीत होती. हौशी लोक बॅटरी घेऊन आत शिरले की अख्खी वसाहत हलते. आत जायचंच नाही, परवानगीही नसते. मोजणी करणारे तोंडाबाहेर बसतात.

आप्पांचं नशीब चांगलं, पार आहे, चहा आहे.

---

चंद्रपूरचं_ऊन

एप्रिल-मे यायचाय म्हणून घाईनं लिहितो. आमच्याकडे पारा ४६-४७ ला जातो. ऑस्ट्रेलियातल्या यांच्या भावंडांवर अभ्यास झालाय, ४२ अंशांच्या वर गेलं की ती मरायला लागतात. आमच्या तलावाकाठच्या अर्जुनावर मी जे पाहिलं ते क्रमानं असं: आधी सगळी पंखानं वारा घेतात, लांबून अख्खं झाड हलतंय असं वाटतं. मग अंग चाटतात. मग सावलीच्या बाजूला, खोडाकडे, खालच्या फांद्यांवर सरकतात आणि एकमेकांवर गोळा होतात. तोंड उघडं पडलं की समजायचं. दुपारी तीनला टपटप पडतात.

अशा दिवशी दुपारची मोजणी करू नका, खाली माणूस दिसला की ती उडतात आणि उडाली की मेली. आम्ही पाण्याचा टँकर आणून लांबून फवारा मारला, सावलीच्या बाजूनं, गर्दी न करता. काही वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पडलेली मोजून वहीत वेगळ्या रकान्यात लिहा. कऱ्हाडला एवढं तापत नाही, पण नदी आटली तर ती पाणी कुठं पिणार ते आत्ताच बघून ठेवा.

---

निवृत्त_वाहक

सगळ्यांचे आभार. चंद्रपूरच्या भाऊंचं वाचून वहीत दोन रकाने वाढवले: ‘खाली पडलेली’ आणि ‘तारेवरची’. दुसरा रकाना वायरमन भाऊंनी सांगितला. पंख एवढा लांब की एक टोक या तारेला, दुसरं त्या तारेला टेकतं आणि जागच्या जागी संपतं. मार्चपासून थांब्यापुढच्या तारेवर तीन. भाऊंनी आपल्या जुन्या साहेबाला फोन करून तेवढ्या दोन खांबांमध्ये एकत्र पिळलेली, रबरी आवरणाची केबल टाकता येते का विचारलंय. उत्तर ‘बघतो’ असं आलंय. संक्रांतीच्या मांजात अडकलेलं एक वडाच्या शेंड्याला अजून वाळून लटकतंय, ते दिवसाच्या मोजणीत मी दोन महिने जिवंत धरत होतो. आता वजा केलं.

आणखी एक रकाना नातीनं काढला. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ती शाळेतल्या सरांची दुर्बीण घेऊन आली. आमच्यात म्हणतात की वाघूळ खातं त्याच तोंडानं हगतं. ते तपासायला तिनं एकावर अर्धा तास दुर्बीण लावली. तर ते पायाची पकड सोडून अंगठ्याच्या नख्यांनी फांदीला सुलटं लोंबलं, कार्यक्रम उरकला, आणि पुन्हा उलटं झालं. वैनी पोट धरून हसल्या. ते पुन्हा उलटं होताना पंख जरा उघडला आणि आतनं दुसरं डोकं बाहेर आलं. एवढंसं, काळं, कान ताठ. मग ती एकेक करून पंखाखाली शोधायला लागली. धाकट्या चिंचेवर ६४ त सतरा सापडली.

तिनं विचारलं, “आप्पा, ही धरायची का?” मी म्हटलं, एसटीत पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही, बारापर्यंत हाफ. पण नोंद हवी. तेव्हा रकान्याचं नाव ‘मांडीवरचे’. पुढं आया पिल्लांना झाडावरच ठेवून जायला लागतील, म्हणजे संध्याकाळी शेवटचं सुटल्यावर पुन्हा एकदा वर बघावं लागणार. गाडी डेपोत लावताना मागच्या बाकापर्यंत बघून यायचो, तसं.

अर्ज दिला. आकडा एक नाही लिहिला, चार मोजण्यांचा तक्ता जोडला, झाडवार, परतलेली वजा करून, वेळेसकट. त्यात त्या पोराचीही सही आहे, मागच्या खेपेला पश्चिम त्याच्याकडं होती. पोचपावती मिळाली. पट्टा आणि ११७ अजून तसाच आहे.

पुढची मोजणी चौथ्या शनिवारी. कऱ्हाडकडचं कुणी येत असेल तर सव्वासहाला पारावर या. पांढरा सदरा घालू नका, आणि टोपी आणा. वरनं पडतं.